कलकत्त्याचा शेठ

त्याने मला फसवलं. आधी हे लिहून टाकतो, बाकीचं मग. कलकत्त्यात रेशमाचा कोसा थेट विकत घेणारा एक मोठा शेठ आहे, असं सांगून तो मला आमच्या सावली गावाहून कलकत्त्याला घेऊन गेला, आणि तिथे शेठ नव्हता. फुटबॉल होता.

मला फसवायला आले पुष्कळ, जमलं फार थोड्यांना. मी बैलबाजारात दलाली करून वर आलेला माणूस आहे. बैलाचा दात पाहिला की मला त्याचं वय कळतं, आणि मालकाचा डोळा पाहिला की बैलाची खोड. माझ्या तोंडाला लागायला बाजारात लोक घाबरायचे. आणि माझ्या शेजारी बसून मासे विकणारा हा माणूस मला एकदा नाही, दोनदा फसवून गेला. दुसऱ्या वेळचं तर मला कित्येक वर्षं समजलंच नाही. त्याचा जाब अजून बाकी आहे.

सारा बाजार त्याला दादा म्हणायचा. तो चामोर्शीकडच्या बंगाली कॅम्पातला. पूर्व बंगालातून उठून आलेल्या या लोकांना सरकारने आमच्या जंगलात आणून वसवलं. त्यांनी झाडं तोडून धान लावलं, तळी खोदली, मासे वाढवले. बाजाराच्या दिवशी दादा वैनगंगा ओलांडून, अल्युमिनियमची मोठी गंजं, म्हणजे पातेली, बसच्या टपावर बांधून सावलीला यायचा. चिंचेखाली आम्ही तिघं ओळीने बसायचो. एका टोकाला भाजीवाली बाई, मध्ये दादा, आणि या टोकाला मी. बैलांचा धंदा मी तोवर कमी केला होता. ढिवर लोक रानात ऐनाच्या झाडांवर किडे पोसून कोसा काढतात, तो कोसा मी विकत घ्यायचो आणि नागपूरला पाठवायचो.

मी कोणावर ओरडलो की दादा गंजात हात बुडवून माशांवर पाणी शिंपडायचा. त्यातले चार थेंब मुद्दाम माझ्या अंगावर. मग मान न वळवता म्हणायचा, "राग कोरबेन ना, भाऊ."

राग करू नका. एवढं एक वाक्य त्याने आपल्या भाषेतलं जपून ठेवलं होतं. बाकी सगळं तो आमच्यासारखंच बोलायचा, मले-तुले करत, फक्त थोडं गोल तोंडाने. मासळीच्या वासाचं ते पाणी अंगावर पडलं की माझा राग गिऱ्हाइकावरून उठून त्याच्यावर बसायचा, आणि तोवर गिऱ्हाईक निघून गेलेलं असायचं. त्याच्या पायी माझं नुकसान किती झालं, आणि माझी भांडणं किती टळली, दोन्ही सांगता येणार नाही.

तुम्ही बाजारात बसणारी माणसं नीट पाहिली असतील तर तुम्हाला ठाऊक असेल, प्रत्येकाचा एखादा अवयव धंद्याचा असतो. माझी जीभ. भाजीवाल्या बाईचा तराजू धरणारा अंगठा. दादाचे पाय. विळीवर बसून तो मासा कापायचा तेव्हा पाय विळीच्या पाटावर नुसते ठेवलेले नसायचे, जागे असायचे. बाईचा एखादा कांदा ढिगावरून घरंगळला की दादा बसल्या जागेवरून पाय लांब करायचा, कांदा पावलावर झेलायचा आणि उडवून थेट तिच्या टोपलीत टाकायचा. हात माशातच.

बाई म्हणायची, "ह्याच्या पायाले हात फुटले हाय. लात मारलेला कांदा कोन घेईन रे, मेल्या?"

"गोड लागते, बाई," तो म्हणायचा. "घेऊन पाहा."

आमच्या बैलबाजाराची एक रीत आहे. भाव तोंडाने बोलायचा नाही. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घेतात, वरून दुपट्टा टाकतात, आणि कापडाखाली बोटं दाबून भाव ठरतो. चारी बाजूंनी माणसं उभी असतात, कोणाला काही कळत नाही. दोघांनीही एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचं, हाताकडे नाही. बोटाने आकडा सांगायचा आणि डोळ्याने काहीच सांगायचं नाही. मी कोशाचा सौदाही असाच करायचो. दादाने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो कापता कापता थांबला.

"मानसाचा हात धरून भाव करता?" तो म्हणाला. "आमच्याकडे हात लग्नात धरते, भाऊ."

"मंग धर न," बाई पलीकडून म्हणाली, "तुले कोन नाई म्हनते?"

पण त्याला ती रीत फार आवडली. त्याने ती माझ्याकडून शिकून घेतली. धंदा मंदावला की तो ओला हात पुसून पुढे करायचा, "भाऊ, मरळ घ्या, हात द्या." मी दुपट्टा टाकायचो आणि आम्ही एका मरळीचा सौदा जोडी बैलांच्या थाटात करायचो. त्याला डोळे मात्र कधी साधले नाहीत. बोट दाबायच्या आधीच हसायचा. मी म्हणायचो, दादा, तुझ्या तोंडावर सारं दिसते, तुले कोनाले फसवता येनार नाई.

हे मी म्हणायचो. मी.

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. त्या हिवाळ्यात नागपूरच्या व्यापाऱ्याने माझा माल पाडून मागितला. कोसा बारीक आहे म्हणाला. मी बाजारात बसून त्याच्या सात पिढ्या काढत होतो. दादाने पाणी शिंपडलं, पण नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. म्हणाला, "कलकत्त्याले एक शेठ हाय, भाऊ. थेट माल घेते. मधात कोनी नाई."

"नाव काय त्याचं?"

"मोठा शेठ हाय. सारे वळखते."

"तू पाह्यला?"

"पाह्यला नाई. आयकून हाव."

मी आणखी एक शब्द विचारला नाही. चिडलेल्या माणसाला माल खपवणं सगळ्यात सोपं असतं. हे मीच त्याला शिकवलं होतं. मी नमुन्याचा कोसा पिशवीत भरला, भाषेसाठी म्हणून दादाला बरोबर घेतलं, दोघांचा खर्च माझ्या अंगावर घेतला, आणि आम्ही बसने नागपूर गाठून तिथून हावड्याची गाडी पकडली. गाडीत तो खिडकीला नाक लावून बसला होता. मला वाटलं, मुलखाची ओढ. मला काय माहीत कसली ओढ.

मी नागपूरपलीकडे कधी गेलो नव्हतो. हावड्याच्या पुलावरून उतरलो आणि जे शहर दिसलं, त्याला मला एक नाव देता येईना. टॅक्सी चालवणारा सरदार. आम्ही उतरलो त्या धर्मशाळेचा मालक मारवाडी, स्वयंपाकी ओडिया, समोर जोडे शिवणारा चिनी, त्याच्या बाजूला इडली विकणारा मद्रासी, हातगाडी ओढणारे सगळे बिहारी. कोपऱ्यावर एक म्हातारी गोरी मेमसाहेब फ्रॉक घालून पावाच्या रांगेत उभी, आणि पाववाल्याशी अस्सल बंगालीत भांडत होती. मला ती फार आवडली. गल्ल्यांमध्ये दोऱ्या बांधून कसल्या कसल्या देशांचे कागदी झेंडे लावलेले. मला वाटलं, इथे रोजच असं असेल.

"दादा," मी म्हटलं, "ह्या गावचा खरा मानूस कोनता रे?"

तो म्हणाला, "सारे बाहीरचे हाय, भाऊ. कोनी आधी आले, कोनी मागून."

दोन सकाळी शेठ बाहेरगावी होता. म्हणजे दादा कुठेतरी जाऊन यायचा आणि तसं सांगायचा. तिसऱ्या सकाळी मी त्याच्या मागोमाग निघालो. चिनी जोडेवाल्याच्या दुकानापुढे तो थांबला आणि भिंतीवरच्या एका मोठ्या चित्रापुढे उभा राहिला. चित्रात एक गोरा आणि एक काळा खेळाडू, मध्ये चेंडू हवेत. दादाचं तोंड किंचित उघडं होतं. देवळात माणूस उभा राहतो तसा तो उभा होता, फक्त चप्पल पायात होती. ती पण त्याने एका पायातली काढली होती. तो अनवाणी पाय नुसताच वर-खाली हलत होता.

मी मागून म्हटलं, "शेठ कुठी हाय?"

तो दचकला. मग त्याने हळूच बोट वर केलं आणि भिंतीकडे दाखवलं. "हा."

त्यानंतर मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. मी अस्सल सावलीच्या भाषेत ओरडत होतो आणि त्या भाषेतलं एक अक्षर न कळताही सगळी गल्ली गोळा झाली. सरदारजी टॅक्सी थांबवून उतरले आणि माझ्या बाजूने बोलायला लागले. ओडिया स्वयंपाकी दादाच्या बाजूने. मद्रासी दोघांनाही गप्प करत होता, तेवढ्यासाठी तो आम्हा सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होता. चिन्याने काही न बोलता दोन स्टुलं आणून ठेवली आणि पाण्याचे दोन पेले. एका भांडणात एवढे मुलूख मी पुन्हा कधी पाहिले नाहीत.

दादाने स्टुलावर बसून सगळं सांगितलं. गावाकडे असताना तो खेळायचा. पूर ओसरला की शेतात चिखल उरायचा, त्या चिखलात, अनवाणी. तालुक्याच्या गावापर्यंत त्याचं नाव होतं. मग पळावं लागलं. सगळ्या कुटुंबासोबत तो याच शहरात आला होता, तेव्हा स्टेशनच्या फरशीवर झोपले होते, आणि शहर म्हणून त्याने पाहिलं ते एवढंच. मग जंगल. आता कॅम्पात कोणाकडे आलेल्या बंगाली पेपरात त्याने वाचलं होतं की बाहेरच्या देशांचे संघ येणार आहेत.

"एक डाव पाहाचा होता, भाऊ. मरनाच्या आधी एक. मोठ्या मानसाइचा. मंग झालं."

"त मले काऊन आनलं? एकटा येता येत नव्हतं?"

तो खाली पाहत म्हणाला, "मागच्या बारीले आलो तवा ह्या गावानं आमाले मानूस म्हनून पाह्यलं नाई. आता एकट्यानं यायची हिंमत नाई झाली. तुम्ही संगं असले की कोनाची बोलाची ताकद नाई."

आणि मग, अर्थात, "राग कोरबेन ना, भाऊ."

मी राग केला. पूर्ण दिवस केला. पण दुसऱ्या दिवशी डाव होता, आणि मी हिशेबी माणूस आहे. इतक्या लांब येऊन रिकाम्या हाताने जायचं तर निदान ज्यासाठी फसलो ते डोळ्याने तरी पाहावं, असा विचार करून मी त्याच्या बरोबर निघालो. कोशाची पिशवी मात्र खांद्यालाच ठेवली. धर्मशाळेतल्या कोणाचा काय भरवसा!

मैदानाबाहेर माणसांचा पूर आला होता. तिकिटं कधीच संपली होती. खिडकीची फळी पडलेली पाहून दादाचा चेहरा असा झाला की मलाच बघवेना. तेवढ्यात एक मिशीवाला माणूस कानाशी येऊन कुजबुजला. तिकीट होतं, भाव अवाच्या सवा होता. आणि दादा मागेल तो भाव द्यायला निघाला. माझ्यासमोर!

मी त्याला बाजूला ढकललं, मिशीवाल्याचा हात धरला आणि वरून दुपट्टा टाकला. मला दुसरी रीत येतच नव्हती. गर्दी बघायला लागली. मिशीवाला आधी घाबरला, हात ओढायला लागला. मग मी बोट दाबलं, आणि त्याच्या मिशा पसरल्या.

"अरे, ई त मेला वाला हाथ है! हमरे गाँव में बैल अइसे ही बिकता है!"

मग काय विचारता. त्या गर्दीत आम्ही दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे, आणि कापडाखाली बोटं चाललेली. तोही बैलबाजारातच वाढलेला, मीही. दोघांनाही गावाकडे गेल्यासारखं वाटलं. अखेर त्याने हसत हसत हात सोडला आणि मी म्हटलेल्या भावात तिकीट दिलं. एकच होतं. दुसरं कोणाकडेच नव्हतं.

मी ते दादाच्या हातात ठेवलं. लढाई मी जिंकली होती, लुटीशी मला काय करायचं होतं? मी म्हटलं, जा, मी इथी बसतो.

त्याने तिकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग "थांबा, भाऊ," म्हणून गर्दीत घुसला. थोड्या वेळाने परत आला तो धापा टाकत, हसत. उजव्या हाताची मूठ वर धरलेली.

"भेटलं! मले बी भेटलं. पन समोरच्या बाजूचं हाय, तिकडच्या दरवाज्याचं. हे तुम्ही घ्या. हे जवळचं हाय, तुमाले नीट दिसन." आणि माझ्या हातात तिकीट कोंबून तो पळालासुद्धा.

दात पाहिल्याशिवाय मी उभ्या आयुष्यात बैल घेतला नाही. त्याची मूठ उघडून पाहिली नाही.

मला जागा अगदी पुढे मिळाली, मैदानाच्या दोराजवळ, एका कोपऱ्यात. एक संघ उंच, गोरा, थंड मुलखातला. दुसरा सावळा, कुरळ्या केसांचा, समुद्रापलीकडून आलेला. मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण जनावर कळतं. ज्याची मान, पाय आणि नजर एका दिशेला आहेत तो धावणार. ज्याची नजर वेगळीकडे आहे तो मारणार. हे मी शेजारच्या माणसाला सांगितलं. तो शाल पांघरलेला एक जाडसर मारवाडी होता. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की हा कोण खुळा. पण सावळ्यांतल्या एका पोराने नजर एकीकडे ठेवून डाव्या पायाने चेंडू दुसरीकडे मारला आणि गोल झाला, तेव्हा तो मारवाडी माझ्या गळ्यात पडला. सगळं मैदान उठलं. तो आवाज मी अजून विसरलो नाही. हजारो माणसांच्या पोटातून एकच आवाज निघाला, आणि त्यात माझाही होता.

खेळ संपला. सगळे खेळाडू मध्ये गोळा झाले. दोघं मात्र आमच्या कोपऱ्यात राहिले होते, गोऱ्यांचा एक म्हातारासा गोल राखणारा आणि तो गोल मारणारा पोरगा. गोऱ्याने अंगातला सदरा काढला. पोराने हात पुढे केला. सदरा दोघांच्या हातांवर पडला, आणि त्या कापडाखाली दोघांनी हात धरले. एकमेकांच्या तोंडाकडे बघत. हाताकडे नाही.

मी ताडकन उठलो. "सौदा! सौदा झाला! पाहा, भाव ठरून राह्यला! आधीच ठरवून खेळले चोर!"

आजूबाजूचे सगळे माझ्याकडे वळले. मारवाडी म्हणाला, "भाईसाब, कपड़े बदल रहे हैं. खेल के बाद बदलते हैं, याद के लिए."

"मले शिकवू नको! बैलाच्या बाजारात मी जन्म काढला!" मी त्याचा हात धरला, दुपट्टा टाकला आणि कापडाखालून सौदा कसा होतो ते त्याला दाखवलं. तो हसायला लागला, शाल गळून पडेपर्यंत हसला. मग डोळे पुसत त्याने विचारलं, "बेचते क्या हो?"

मी रागानेच पिशवी उघडून दाखवली. त्याने एक कोसा उचलला, अंगठ्याने दाबला, उजेडात धरला. हसणं थांबलं. म्हणाला, "मैं टसर का ही काम करता हूँ. कल सुबह दुकान पर आओ." टसर म्हणजे आमचंच कोशाचं रेशीम.

मी गेलो. पुढे कित्येक वर्षं माझा माल थेट त्याच्याकडे जात राहिला. माझं आजचं पक्कं घर त्या मालावर उभं आहे. म्हणजे पाहा, दादाची थाप शेवटी थापसुद्धा राहिली नाही. शेठ निघालाच.

परतीच्या गाडीत दादा मला सोडेना. "तुमच्या बाजूनं कसं दिसलं, भाऊ? सांगा." मी सांगितलं. "गोल कोन्या पायानं मारला?" मी म्हटलं, तू पाह्यला नाई का? तो म्हणाला, "आमच्या बाजूले ऊन डोळ्यात येत होतं." मी डावा पाय सांगितला, नजर सांगितली, सदऱ्याखालचे हात सांगितले. तो डोळे मिटून ऐकायचा. संपलं की म्हणायचा, "परत सांगा." माझ्या बोलण्याला लोक आजवर भ्यायले होते किंवा कंटाळले होते. परत सांगा असं मला कोणी म्हटलं नव्हतं. मी नागपूर येईपर्यंत सांगत राहिलो. दर वेळी थोडं जास्त चांगलं.

त्यानंतर दादा बाजारात त्या डावाची गोष्ट सांगायला लागला. मासे घ्यायला आलेली माणसं गोष्ट ऐकत उभी राहायची. मी माझ्या धंद्यात असायचो. माल वाढला होता, डोकं वर काढायला वेळ नव्हता. चिंचेखाली बसणंही कमी झालं होतं.

कित्येक वर्षांनी एका पावसाळ्यात माझी बस उशिरा पोचली आणि मी बाजारात मागच्या बाजूने शिरलो. दादाभोवती कोंडाळं होतं. मी त्या पाठींमागे थांबलो. त्याला मी दिसत नव्हतो. तो एका हाताने दुसऱ्या हाताचा पंजा धरून दाखवत होता, वर आपला गमछा टाकलेला.

"अन् मंग दोघाइचे हात कपड्याच्या खाली. तोंडाकडे पाहून राह्यले, हाताकडे नाई. बैलबाजारात करते न, तसेच. मी दोराजवळच होतो, ह्या डोळ्यानं पाह्यलं. काय भाव ठरला, ते त्या दोघाइलेच मालूम."

लोक हसले. मला हसू आलं नाही.

तो समोरच्या बाजूला होता. डोळ्यांत ऊन घेऊन. तिथून आमच्या कोपऱ्यातला दोर दिसला नसता, सदरा दिसला नसता, डोळे तर नाहीच नाही. आणि खेळ जाणणाऱ्या माणसाला, पेपरात वाचणाऱ्या माणसाला, ते खेळाडू कपडे बदलताहेत हे ठाऊक असणारच. सौदा एकालाच दिसला होता. साऱ्या मैदानात एका खुळ्याला. तो जे सांगत होता त्यातला प्रत्येक शब्द माझा होता. त्याचं स्वतःचं त्यात काही नव्हतं.

त्या मुठीत काही नव्हतं.

मी लोकांना हाकललं. "व्हा घरी! मासे घ्याचे असन त घ्या, नाई त निंघा!" मग त्याच्यासमोर बसलो, त्याचा हात धरला आणि दुपट्टा टाकला. हात खवल्यांनी भरलेला, थंडगार.

"आत होता का बाहीर होता?" मी विचारलं. "तोंडानं बोलू नको. बोटानं सांग. एक बोट आत, दोन बोटं बाहीर."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. पहिल्यांदा त्याला डोळे साधले, काही दिसू दिलं नाही. मी वाट पाहिली. एकही बोट दाबलं गेलं नाही. त्याने माझा हात नुसता धरून ठेवला.

"काऊन केलं असं?" मी म्हटलं. माझा आवाज चढत होता. "डाव तुझा होता. मले त्यातलं घंटा समजत नव्हतं!"

"राग कोरबेन ना, भाऊ."

पलीकडून भाजीवाली बाई ओरडली, "काय बाई, लगन लागून राह्यलं काय ह्या दोघाइचं? अक्षता आनू का?"

कोणीतरी मरळीचा भाव विचारला. त्याने हात काढून घेतला. मी उठता उठता बजावलं, पुढच्या बाजारी मले उत्तर पायजे. त्याने मान हलवली आणि माशांवर पाणी शिंपडलं. चार थेंब माझ्यावर.

पुढच्या बाजारी वैनगंगेला पूर होता, पलीकडचं कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या बाजारी बाकीचे मासेवाले आले, तो आला नाही. मी बाईला विचारलं. ती कांद्याचा ढीग नीट लावत होती, मान वर न करता म्हणाली, "हिवतापानं गेला, भाऊ. पुरात दवाखान्यात नेता नाई आलं." बोलताना एक कांदा घरंगळला. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. तो चिखलात जाऊन थांबला.

मी कॅम्पात गेलो. त्याच्या बायकोने मला ओळखलं. मी कोण ते सांगावं लागलं नाही. तिने बसायला चटई टाकली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "ते सगळ्याइले सांगे, भाऊनं मले डाव दाखवला म्हने."

मी चटईवरून उठलो. भांडायला माणूसच नव्हता.

आता त्याच्या जागेवर प्लास्टिकच्या बादल्या विकणारा बसतो. चांगला आहे बिचारा, पण मी त्याच्यावर ओरडतो तेव्हा पाणी कोणी शिंपडत नाही, आणि भांडण चांगलं पेटतं. भाव माझ्या मनासारखा होतो. हल्ली नेहमीच होतो.

दादा, शेठचं मी सोडून दिलं. त्या थापेने मला जग दाखवलं, घर दिलं, ते मी मरेपर्यंत मान्य करीन. पण तो एक डाव तुझा होता. तू भिंतीबाहेर उभा राहून नुसता आवाज ऐकलास आणि आत मला बसवलंस, आणि मग माझीच गोष्ट घेऊन जन्मभर खुश राहिलास. असा सौदा कोणी करतं का? आमच्या बाजारात अशा सौद्याला नावसुद्धा नाही. पुढच्या बाजारी उत्तर देतो म्हणून मान हलवली होतीस, साक्षीला बाई आहे. मी राग करून राह्यलो, अन् करनार हाव. दुपट्टा टाकला हाय. हात दे, अन् सांग काऊन केलं.